आधीचा चेहरा

अर्विंग, टेक्सास
रविवार, १२ जानेवारी १९८६

प्रिय कांचनताई,

तिळगूळ पार्सलने पाठवलाय. पोचेपर्यंत चुरा झाला तर चमच्याने खा. पण 'गोड बोल' असं काही मी म्हणणार नाही, कारण माझंच डोकं फिरलंय.

आमच्या चंद्रशेखररावांच्या ऑफिसची ख्रिसमस पार्टी होती. मी लग्नातला मोरपंखी शालू नेसून गेले, हौसेने. ह्यांच्या बॉसची बायको हातात ग्लास घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि ह्यांना म्हणते, "हाउ लव्हली, यू ब्रॉट युअर मदर!" मदर! मी बेचाळीसची आणि हे सत्तेचाळीसचे. बरं, ती बाई परकी, थोडी प्यायलेली, तिला सोडून दे. पण हे हसले गं! "नो, धिस इज माय वाइफ" एवढं म्हणायला तोंड उघडेना, नुसते दात दाखवत उभे. आणि परत येताना गाडीत म्हणतात, "यार, जोक होता, एवढं काय मनाला लावून घेतेस!"

तेव्हापासून मी गाडीच्या आरशात, दुकानाच्या काचेत, अगदी टोस्टरमध्येसुद्धा स्वतःचं थोबाड बघत सुटलेय. ते हसणं मी विसरणार नाही, ताई. मला त्याचा सूड घ्यायचाय. मी ठरवलंय, भावजींकडून चेहरा करून घेणार. घरात एवढा नावाजलेला प्लास्टिक सर्जन असताना मी कशाला दुसरीकडे जाऊ? तुझाही त्यांनी केलाय, तू कधी बोलली नाहीस, पण तू पाठवलेल्या फोटोंवरून मी ओळखलं. आपली भेट नाही चार वर्षं, तरी मावसबहिणीचे डोळे आहेत माझे. पुढच्या पार्टीला अशी जाईन ना, की ती बाई म्हणेल, डॉटरला आणलंत का? मग हे बघतील आणि मी हसेन.

थांबते आता. बाथरूममधून हाका सुरू झाल्यात. एक रविवार आड ह्यांच्या केसांना कलप लावून द्यायचं काम माझ्याकडे असतं, वाटीत कालवून ठेवलाय, सुकेल. फोन करू नकोस, हे दुसऱ्या खोलीतला फोन उचलून ऐकतात.

तुझी
उत्तरा


नेपरव्हिल
२१ जानेवारी १९८६

प्रिय उत्तरा,

तिळगूळ चमच्यानेच खाल्ला. इथे बर्फ इतकं की मेलबॉक्सपर्यंत जायला फावडं घ्यावं लागतं, म्हणून तुझं पत्र जरा उशिरा हातात आलं.

चंद्रशेखरांचा मलाही राग आला. पण राग आला म्हणून चेहरा कापून घ्यायचा का?

क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईशी आधी मी बोलते, हे तुला माहीत आहे. हे म्हणतात, बायका डॉक्टरशी खोटं बोलतात आणि कॉफी देणारीशी खरं बोलतात. म्हणून मी कॉफी देते आणि विचारते. हे कोणासाठी करतेयस? गेल्या वर्षात घरातलं कोणी गेलं का? नवऱ्याशी बिनसलंय का? झोप लागते का? ह्यांचा नियम कडक आहे. बाई दुःखात असेल तर हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी या म्हणायचं. भाषणातसुद्धा सांगतात, "सुरीने दुःख कापता येत नाही." लोक मान डोलवतात.

तर तूही आधी या प्रश्नांची उत्तरं दे, अगदी खरी. घाई करू नकोस.

माझं म्हणशील तर मी मजेत आहे. सीमा कॉलेजमधून सुट्टीला आली होती. जेवताना माझ्याकडे बघून म्हणाली, "मॉम, यू लुक सरप्राइझ्ड ऑल द टाइम." आम्ही सगळे खूप हसलो.

तुझी
कांचनताई


अर्विंग
१६ फेब्रुवारी १९८६

प्रिय कांचनताई,

घे उत्तरं. कोणी गेलेलं नाही. नवरा आहे, टीव्हीसमोर आहे. झोप लागते, हे घोरत नसले तर. कोणासाठी करतेय? त्या बॉसच्या बायकोसाठी आणि ह्यांच्या त्या बत्तिशीसाठी. झालं? पास?

तू टाळाटाळ करतेयस हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. म्हणून मी सरळ भावजींना क्लिनिकवर फोन केला. किती मायेने बोलले! फोटो मागवून घेतला आणि बघून स्वतःहून फोन केला. नाकापासून ओठापर्यंतच्या घड्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीखालचं सैल मांस, सगळं समजावून सांगितलं. बाप्पा! हनुवटीखाली माझं काही सैल आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आता जेवताना हात तिथेच जातो. पाच मे ही तारीख दिलीय. आणि म्हणाले, "कांचनचे प्रश्नबिश्न तुला नाहीत, तू घरची आहेस."

ताई, रागावू नकोस, पण एक विचारतेच. लहानपणी पाहुणे आले की "कांचन किती देखणी" आणि मग माझ्याकडे बघून "उत्तरा अभ्यासात बरी आहे हो." मी कधी कुरकुर केली? आता बेचाळिसाव्या वर्षी मी जरा बरी दिसले तर तुझं काय जाणार आहे? तुला एकटीलाच देखणं राहायचंय का?

उत्तरा


नेपरव्हिल
२ मार्च १९८६

उत्तरा,

पत्र वाचून इतकी चिडले की फाडणार होते. मग वाटलं, हिला काय बोल लावायचा? चार वर्षं मीच 'मजेत आहे' लिहून पाठवतेय आणि गळाबंद ब्लाउजमधले फोटो पाठवतेय.

आता ऐक. अण्णा गेले तेव्हा मला, त्यांच्या लेकीला, पुण्याला जाता आलं नाही. सीमाला कांजिण्या आल्या होत्या, विमानाचं तिकीट मिळेना, तोवर तेरावंसुद्धा झालं. तो सगळा हिवाळा मी उभ्या उभ्या रडायचे. भाजी चिरताना, कपडे वाळवताना, सिग्नलला गाडी थांबली की. हे यायचे, जेवायचे, बघायचे, काही बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी माझी हनुवटी धरली आणि चेहरा दिव्याकडे वळवला. मला वाटलं, आता जवळ घेतील. म्हणाले, "डोळे फार थकलेत तुझे. आपण जरा फ्रेश करू."

मी हो म्हटलं. कोणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढ्यावरच मी खूश झाले गं.

पापण्या झाल्या. मग कानापाशी कापून गाल ओढून घेतले. मग औषध लावून कातडी सोलली. ते औषध गोऱ्या बायकांच्या कातडीवर चालतं. माझा चेहरा एका रंगाचा झाला आणि मान दुसऱ्या, म्हणून ते गळाबंद ब्लाउज. डोळे पुरते मिटत नाहीत, झोपताना थेंब घालावे लागतात. हसले की डावी बाजू मागे राहते. हळदीकुंकवाला बायका कुंकू लावायला जवळ येतात आणि त्यांचं बोट माझ्या कपाळाशी येऊन थबकतं. यंदा मी कुणाकडे गेलेच नाही.

आणि ते प्रश्न! परक्या बायकांना विचारायला लावतात, मला त्यातला एकही विचारला नाही. घरातलं कोणी गेलं का, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती, माहीतच होतं. मी एकदा तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "तू काय पेशंट आहेस का? तू घरची." तुलाही हेच म्हणाले ना? घरची. छे, मला त्याला 'हे' आणि 'म्हणाले' म्हणायचा कंटाळा आलाय. श्रीरंग म्हणाला.

माझा आधीचा आणि नंतरचा फोटो श्रीरंग गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांत पडद्यावर दाखवतो, 'एक पेशंट' म्हणून. पडद्यावर भिंतीएवढं माझं तोंड, आणि मी मागे अंधारात, कारण प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये स्लाइड लावायचं काम माझं. आधीचा चेहरा आला की बायका च्च च्च करतात. तो अण्णांचा चेहरा होता, उत्तरा. तेच डोळे, तोच जबडा. त्यांना शेवटचं बघता आलं नाही, आणि आरशातले होते तेही गेले.

तारीख रद्द कर. हात जोडते तुला.

कांचन


अर्विंग
२३ मार्च १९८६

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून खूप रडले. मग एक केलं, चूक की बरोबर माहीत नाही. भावजींना फोन करून विचारलं. विचारलं नसतं तर मनात किडा राहिला असता.

ते चिडले नाहीत, उलट शांत होते. म्हणाले, "कांचन अण्णा गेल्यापासून डिप्रेस्ड आहे. तिला आरशात दिसतं ते खरं नसतं. रिझल्ट एक्सलंट आहे. बारा एप्रिलला मिलवॉकीला माझं लेक्चर आहे, शंभर बायका असतील. त्यांना विचार कुठला चेहरा चांगला."

ताई, ते इतकं शांतपणे बोलतात आणि तू इतकी पेटून लिहितेस. चार वर्षं मजेत होतीस आणि मी तारीख घेतल्यावर एकदम हे सगळं! मी कुणाचं खरं मानू? इकडे काल हे शेजाऱ्यांना तो मदरचा किस्सा रंगवून सांगत होते. पुन्हा तेच हसणं.

तारीख मी बदललेली नाही. पाच मेला येतेय.

उत्तरा


नेपरव्हिल
१४ एप्रिल १९८६

उत्तरा,

शंभर बायकांना विचार, म्हणाला ना तो? परवा विचारलं.

पाडव्याचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. दारात गुढी, आत श्रीखंडपुरी, आणि जेवणं झाल्यावर 'सौंदर्य आणि आत्मविश्वास' या विषयावर डॉक्टरसाहेबांचं व्याख्यान. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. मी नेहमीसारखी शेवटी, प्रोजेक्टरजवळ, डोक्यावरून शाल घेऊन बसले.

तुला त्याची पद्धत सांगते, नाहीतर मजा कळायची नाही. तो पडद्याकडे कधी बघत नाही. वक्त्याने सभेला पाठ दाखवू नये म्हणतो. हातात बटण, तोंड बायकांकडे, भाषण पाठ. कुठल्या वाक्याला कुठली स्लाइड येणार हे त्याला पक्कं माहीत, कारण ट्रे मी लावते आणि मी कधी चुकले नाही. परवाही चुकले नाही. माझ्या दोन स्लाइडची फक्त अदलाबदल केली. नंतरची आधी, आधीची नंतर.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर आला माझा आत्ताचा चेहरा. हा बायकांकडे बघत सुरू झाला, "बघा, ही आधीची स्थिती. डोळ्यांत जीव नाही. चेहरा कसा ताठरलाय. बाई आतून मिटलीय. रोज आरशात हे बघायचं म्हणजे मनाचं काय होत असेल?"

च्च च्च सुरू झालं. पुढच्या रांगेत वसुधाकाकू म्हणून एक वयस्कर बाई होत्या, सगळ्या मंडळाच्या लाडक्या दिसल्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, बिचारी!" खरं सांगू? माझ्या या चेहऱ्याचं इतकं खरं वर्णन श्रीरंगने कधी केलं नव्हतं.

मग "आणि आता..." म्हणून तो जरा थांबतो. तसा थांबला, आणि बटण दाबलं. माझा जुना चेहरा आला. अण्णांचे डोळे. थकलेले, रडून सुजलेले, पण माझे. "ही तीच बाई आहे यावर विश्वास बसतो का?" हा म्हणाला. टाळ्याच टाळ्या! "किती गोड," "चेहरा कसा बोलतोय बघ," आणि वसुधाकाकू, "डॉक्टर, हात सोन्याचे आहेत हो तुमचे!" तो वाकला आणि हसला.

ते हसणं मी डोळे भरून बघितलं. माझे डोळे तसेही मिटत नाहीत, तेव्हा पुरेपूर बघितलं.

मग पापण्यांचं समजावून सांगायला काठी घेऊन तो पडद्याकडे वळला. काठी तशीच वर राहिली.

गप्प बसला असता तर कुणाला पत्तासुद्धा लागला नसता. पण दुसऱ्याची चूक श्रीरंगला गिळवत नाही. म्हणाला, "एक मिनिट हं, स्लाइड उलट्या लागल्यात. पहिली बघितलीत ती नंतरची. आमच्या मिसेसची मिस्टेक."

मग वसुधाकाकूच म्हणाल्या, "म्हणजे त्या बिचारीचं तसं तुम्ही केलंत?"

दिव्यांची बटणं माझ्या पाठीशीच होती. मी उठले, सगळे दिवे लावले आणि डोक्यावरची शाल खाली घेतली. म्हटलं, "मिस्टेक नाही झाली. ती बिचारी मी."

सगळ्याच्या सगळ्या माना वळल्या. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते विचारू नकोस, तिथे आता फारसं काही उमटत नाही. पण आत, उत्तरा, आत दिवाळी होती. वसुधाकाकू उठून मागे आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. तेवढं मात्र मला सोसलं नाही, मी रडले.

गाडीत तो म्हणाला, "त्या बायका दुसऱ्या स्लाइडला टाळ्या वाजवतात. कुठलीही असो." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं तुला टाळ्या कशाच्या पडत होत्या?" हो, तुला. तोंडावर अरेतुरे केलं, आयुष्यात पहिल्यांदा.

पाच मे जवळ आलाय. तू ठरव. मी आता हात जोडणार नाही.

कांचन


अर्विंग
२५ मे १९८६

प्रिय कांचनताई,

पाच मे आला आणि गेला. मी इथेच होते, माझ्या हनुवटीखालच्या सगळ्या मांसासकट.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि लगेच क्लिनिकला फोन लावला. फोन कुणा नव्या मुलीने उचलला, तेव्हाच समजले की तू तिथे नाहीस. अपॉइंटमेंट कॅन्सल केली. तिने कारण विचारलं. मी सांगितलं, "मी घरची आहे." तिला काय कळलं असेल कोण जाणे!

तुझ्याविषयी भलतंसलतं लिहिलं, ते तू कधी काढलं नाहीस. मला पार मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच लिहिते, पुढे लिहायला बसले तर रडेन.

पण माझा सूड राहिला होता ना? ऐक तर. मी कलपाची वाटी काढणंच बंद केलं. पहिल्या रविवारी हाक आली, "अगं, कलप?" म्हटलं, हात दुखतोय. पुढच्या खेपेला पुन्हा हाक. मी म्हटलं, "यार, एवढं काय मनाला लावून घेता!" मग स्वतः लावायला गेले आणि एक कान काळा करून बाहेर आले. तो दोन दिवस निघेना. पुन्हा काही प्रयत्न केला नाही. भांगाशी पांढरा पट्टा उगवला, तो रुंद होत गेला, आणि काल मेमोरियल डेच्या सुट्टीतली ऑफिसची पिकनिक होती. तीच बाई, तोच ग्लास. ह्यांच्याकडे बघून घाबरलीच. "शेखर, हॅव यू बीन इल?"

मी हसले. काय हसले, ताई! दात दाखवून, मान मागे टाकून, सगळ्या घड्यांसकट हसले. हे माझ्याकडे बघत राहिले. घरी आलो. गॅरेजमध्ये गाडी बंद केली आणि तिथेच बसून म्हणाले, "तेव्हा मी हसायला नको होतं." मी म्हटलं, "नको होतं."

वाटी अजून काढलेली नाही. बघू, मला कधी वाटतं ते.

पण तू कुठे आहेस? नेपरव्हिलला फोन केला तर भावजी म्हणाले, "इथे राहत नाही." मग सीमाच्या हॉस्टेलला फोन केला, तिने हा पत्ता दिला. म्हणाली, "शी इज ओके, मावशी." मला तेवढ्याने चैन नाही. तू सगळ्यांना विचारायचीस ते आता मी तुला विचारते. झोप लागते का गं?

तुझीच
उत्तरा


शिकागो
८ जून १९८६

प्रिय उत्तरा,

लागते. डोळे अर्धे उघडे राहतात, पण झोप लागते.

डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या रस्त्यावर दोन खोल्या घेतल्यात. साडीच्या दुकानात काम करते. बायका साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "मला शोभेल का?" मी त्यांना बसवते आणि आधी विचारते, "कोणासाठी घेताय?" जुनी सवय, जात नाही. सीमा सुट्टीला इथे आलीय. परवा तिला म्हटलं, मला अजून त्याचा राग येतो, सकाळी उठल्या उठल्या येतो. ती म्हणाली, "गुड."

तुझ्या पिकनिकचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. काळ्या कानापाशी आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. माझी डावी बाजू मागेच राहिली, राहू दे.

या पाकिटात एक स्लाइड आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटवलीय, जपून सोड आणि खिडकीशी उजेडाला धर. मिलवॉकीला सामान आवरताना ट्रेमधून मी ती काढून घेतली. तिची कॉपी नाही. दुसरी, नंतरची, त्याच्याकडे आहे. ती मला नको.

काल श्रीरंगचा फोन आला होता. क्लीव्हलँडला लेक्चर आहे म्हणे. मिलवॉकीचं झालं गेलं, असं स्वतःच म्हणाला. पण नुसता नंतरचा चेहरा दाखवून टाळी कोण देणार? आवाज असा मऊ की मला आधी वाटलं, कोणी दुसराच बोलतोय. म्हणाला, "कांचन, तुझा तो आधीचा चेहरा कुठे आहे? मला हवाय."

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याला तो हवा झाला. मी सांगितलं, टेक्सासला पाठवतेय.

तो तुला फोन करेल. फार गोड बोलेल. देऊ नकोस.

तुझी
कांचनताई